अमेरिका–कॅनडा व्यापारतोल वाद (२०१८)

अमेरिका–कॅनडा व्यापारतोल वाद हा अमेरिका व कॅनडा या शेजारी मित्रराष्ट्रांच्या परस्पर व्यापारात तूट नेमकी कोणाला येते, या प्रश्नावरून मार्च २०१८ मध्ये उद्भवलेला राजकीय वाद होय. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका खाजगी निधिसंकलन समारंभात केलेले भाषण त्यास कारणीभूत ठरले. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्याशी झालेल्या चर्चेत आपण अमेरिकेला तूट येत असल्याचे ठामपणे सांगितले, परंतु वस्तुस्थिती काय आहे हे त्या वेळी आपणास ठाऊक नव्हते, असे त्यांनी या भाषणात स्वतःच कथन केले. राष्ट्रप्रमुखांनी मित्रदेशांशी बोलताना आकडेवारीबाबत किती प्रामाणिक असावे, या प्रश्नाच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

अमेरिका व कॅनडा यांचे संबंध जगातील अतिशय निकटच्या द्विपक्षीय संबंधांपैकी आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नाटो या लष्करी संघटनेचे दोन्ही देश संस्थापक सदस्य असून, १९५८ पासून उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची जबाबदारी ते 'नोराड' या संयुक्त यंत्रणेद्वारे सांभाळतात. कॅनडाच्या एकूण वस्तुनिर्यातीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश निर्यात अमेरिकेला होते. दोन देशांतील मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९८९ रोजी अमलात आला. पुढे मेक्सिकोचा समावेश होऊन १ जानेवारी १९९४ पासून उत्तर अमेरिका मुक्त व्यापार करार (नाफ्टा) लागू झाला.

२०१६ च्या निवडणूक प्रचारात ट्रम्प यांनी नाफ्टावर कठोर टीका केली होती. व्यापारी तूट म्हणजे देशाचे थेट नुकसान, अशी त्यांची मांडणी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये नाफ्टाच्या फेरवाटाघाटी सुरू झाल्या. ८ मार्च २०१८ रोजी ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन आयात पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क जाहीर केले. कॅनडा व मेक्सिको यांना त्यातून तात्पुरती सूट देण्यात आली. ही सूट टिकणार की नाही, हे वाटाघाटींवर अवलंबून होते. त्यामुळे तूट कोणाची, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहिला नव्हता. पोलाद व मोटार उद्योगातील कामगारांचा रोजगारही त्याच्याशी जोडला गेला होता.

घटनाक्रम

१४ मार्च २०१८ रोजी मिसूरी राज्यात सिनेटचे उमेदवार जॉश हॉली यांच्यासाठी आयोजित केलेल्या निधिसंकलन समारंभात ट्रम्प बोलत होते. या भाषणाचे ध्वनिमुद्रण 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राच्या हाती लागले व त्यातील मजकूर प्रसिद्ध झाला.

ट्रम्प यांच्या कथनानुसार, अमेरिकेला कॅनडाशी होणाऱ्या व्यापारात तूट येत नाही, असे ट्रूडो यांनी त्यांना सांगितले. त्यावर आपण ते साफ नाकारले, मात्र आपणास खरी स्थिती माहीत नव्हती, असे ट्रम्प श्रोत्यांना म्हणाले. पुढे, खातरजमेसाठी माणूस पाठवला असता ट्रूडो यांचे म्हणणे बरोबर असल्याचे कळले, परंतु त्यात ऊर्जा व लाकूड यांचा समावेश नव्हता आणि तो केल्यास अमेरिकेला वर्षाला १७ अब्ज डॉलरची तूट येते, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

भाषण प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी ट्विटरवरून आपल्या दाव्याचे समर्थन केले. जवळजवळ सर्वच देशांशी अमेरिकेचा व्यापार तुटीचा आहे, कॅनडाही त्याला अपवाद नाही आणि ट्रूडो वाटाघाटींच्या सोयीसाठी हे मान्य करीत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. राष्ट्राध्यक्षांचे विधान वस्तुव्यापारापुरते बरोबर आहे, अशी भूमिका व्हाइट हाउसने घेतली. कॅनडाच्या वॉशिंग्टनमधील दूतावासाने आपल्या बाजूच्या समर्थनार्थ अमेरिकी शासनाचीच आकडेवारी पुढे केली.

अधिकृत आकडेवारी

या वादात दोन्ही बाजूंनी दिलेले आकडे अमेरिकी शासनाच्याच प्रकाशनांत सापडतात. २०१७ या वर्षासाठी त्या वेळी उपलब्ध असलेली आकडेवारी पुढीलप्रमाणे होती :

* वस्तुव्यापार (सीमाशुल्क नोंदींवर आधारित) : अमेरिकेला सुमारे १७.५ अब्ज डॉलरची तूट.
* सेवाव्यापार (पर्यटन, वित्तसेवा, बौद्धिक संपदेचे स्वामित्वशुल्क इत्यादी) : अमेरिकेला सुमारे २५.९ अब्ज डॉलरचे आधिक्य.
* वस्तू व सेवा एकत्रित (वरील दोहोंची बेरीज, अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने दिलेला आकडा) : अमेरिकेला सुमारे ८.४ अब्ज डॉलरचे आधिक्य.
* वस्तू व सेवा एकत्रित (आंतरराष्ट्रीय देयताशेषाच्या पद्धतीने, अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण विभागाने दिलेला आकडा) : अमेरिकेला सुमारे २.८ अब्ज डॉलरचे आधिक्य.

याचा अर्थ, भाषणातील १७ अब्ज डॉलरचा आकडा काल्पनिक नव्हता. तो वस्तुव्यापारातील तुटीशी जुळतो. मात्र त्याचे दिलेले स्पष्टीकरण चुकीचे होते. ऊर्जा व लाकूड ही दोन्ही वस्तुव्यापाराच्या अधिकृत आकडेवारीत मुळातच समाविष्ट असतात. हिशेबातून वगळली गेली होती ती सेवा. सेवा धरल्यास तूट नाहीशी होऊन आधिक्य उरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांच्याच स्वाक्षरीने प्रसिद्ध झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक आर्थिक अहवालातही कॅनडाशी होणाऱ्या एकूण व्यापारात अमेरिकेला आधिक्य असल्याचे नमूद होते.

कॅनडाकडून अमेरिकेला होणाऱ्या निर्यातीत खनिज तेलाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे वस्तुव्यापारातील तूट तेलाच्या जागतिक भावानुसार कमीअधिक होते. हे तेल अमेरिकेतील, विशेषतः मध्यपश्चिम भागातील शुद्धीकरण कारखान्यांना लागणारा कच्चा माल आहे. ऊर्जा वगळल्यास वस्तुव्यापाराचे पारडे अमेरिकेच्या बाजूने झुकते.

आकड्यांमधील तफावतीची कारणे

दोन देशांतील व्यापाराचा एकच एक निर्विवाद आकडा सहसा नसतो. त्याची प्रमुख कारणे अशी :

* व्याप्ती : केवळ वस्तू मोजल्या की वस्तू व सेवा दोन्ही, यावर तोलाचे चिन्हच बदलू शकते. प्रस्तुत वाद हे त्याचे ठळक उदाहरण आहे.
* पुनर्निर्यात : चीनमध्ये बनलेला माल अमेरिकेमार्गे कॅनडात गेल्यास अमेरिका त्याची नोंद कॅनडाला केलेल्या निर्यातीत करते, तर कॅनडा त्याच मालाची नोंद चीनमधून झालेल्या आयातीत करतो. उलट दिशेनेही असेच घडते. परिणामी प्रत्येक देशाला आपली निर्यात दुसऱ्याच्या नोंदीपेक्षा मोठी दिसते.
* मूल्यांकन : आयातीच्या किमतीत वाहतूक व विमा यांचा खर्च धरावा की नाही, याबाबत देशोदेशींच्या पद्धती भिन्न आहेत.
* कालावधी : काही देश दिनदर्शिकेचे वर्ष धरतात, तर भारतासारखे देश एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष धरतात.
* उत्पादनसाखळी : मोटारीचे सुटे भाग पूर्ण वाहन तयार होईपर्यंत सीमा अनेकदा ओलांडतात व प्रत्येक वेळी त्यांचे पूर्ण मूल्य नोंदले जाते. ही अडचण लक्षात घेऊन आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि जागतिक व्यापार संघटना यांनी २०१३ पासून मूल्यवर्धनावर आधारित व्यापाराची स्वतंत्र आकडेवारी देण्यास प्रारंभ केला.

अमेरिका व कॅनडा यांच्यात १९९० पासून आयातीच्या नोंदींची देवाणघेवाण होते. एका देशाची आयात म्हणजेच दुसऱ्याची निर्यात, हे तत्त्व मानून अमेरिका कॅनडाला होणाऱ्या आपल्या निर्यातीसाठी कॅनडाच्या आयात नोंदी वापरते आणि कॅनडाही तसेच करतो. परस्परांच्या वह्यांवर एवढा विश्वास ठेवणाऱ्या दोन देशांत आकड्यांवरून वाद व्हावा, ही बाब म्हणूनच लक्षवेधी ठरली.

परिणाम

कॅनडाला दिलेली सूट संपून १ जून २०१८ पासून कॅनेडियन पोलाद व ॲल्युमिनियमवर शुल्क लागू झाले. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण मित्रराष्ट्राला लावले जाणे ट्रूडो यांनी अपमानास्पद ठरवले. पोलादाच्या परस्पर व्यापारात अमेरिकेलाच सुमारे २ अब्ज डॉलरचे आधिक्य आहे, याकडे कॅनडाच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी लक्ष वेधले. कॅनडाने १ जुलै २०१८ पासून सुमारे १६.६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर प्रतिशुल्क आकारले.

८ व ९ जून २०१८ रोजी क्वेबेक प्रांतातील शार्लव्हा येथे झालेल्या जी-७ शिखर परिषदेनंतर संबंध अधिकच ताणले गेले. परिषदेच्या समारोपानंतर ट्रूडो यांनी पत्रकार परिषदेत शुल्कांविरुद्ध भूमिका मांडली. तेव्हा ट्रम्प यांनी संयुक्त निवेदनाला दिलेला पाठिंबा काढून घेतला व ट्रूडो यांना अप्रामाणिक आणि दुर्बळ संबोधले. ट्रम्प यांचे व्यापार सल्लागार पीटर नवारो यांनी ट्रूडो यांच्याबद्दल काढलेल्या कठोर उद्गारांसाठी नंतर चूक मान्य केली.

वाटाघाटी मात्र चालू राहिल्या. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी ब्युनोस आयर्स येथे अमेरिका–मेक्सिको–कॅनडा करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि तो १ जुलै २०२० रोजी अमलात आला. पोलाद व ॲल्युमिनियमवरील शुल्क उठविण्याचा निर्णय मे २०१९ मध्ये जाहीर झाला.

इतर मित्रदेशांबाबतचे दावे

दक्षिण कोरिया : मिसूरीतील याच भाषणात ट्रम्प यांनी दक्षिण कोरियाशी होणाऱ्या व्यापारातील तूट आणि तेथील अमेरिकी सैन्याचा खर्च यांची सांगड घातली. तेथे ३२,००० सैनिक असल्याचे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात ही संख्या सुमारे २८,५०० होती. २०१७ मध्ये कोरियाशी होणाऱ्या वस्तुव्यापारात अमेरिकेला सुमारे २३ अब्ज डॉलरची तूट होती. सेवा धरल्यास ती सुमारे १० अब्ज डॉलरवर येत होती.

युरोपीय संघ : २०१८ मध्ये ट्रम्प यांनी युरोपीय संघाशी १५१ अब्ज डॉलरची तूट असल्याचे वारंवार सांगितले. हा आकडा २०१७ च्या वस्तुव्यापाराचा होता. वस्तू व सेवा मिळून तूट सुमारे १०१ अब्ज डॉलर होती.

ब्रिटन : अमेरिका व ब्रिटन यांच्या अधिकृत सांख्यिकी संस्था परस्पर व्यापारात आपापल्याच देशाला आधिक्य असल्याचे अनेक वर्षे नोंदवीत आल्या आहेत. सेवांचे मोजमाप आणि जर्सी, गर्नसी यांसारख्या बेटांचा ब्रिटनच्या हिशेबात समावेश करावा की नाही, ही त्यामागील ज्ञात कारणे आहेत. येथे दोन्ही बाजूंचे नेते आपापल्या अधिकृत आकड्यांना धरून परस्परविरोधी विधाने करू शकतात.

भारत : भारत हा अमेरिकेचा करारबद्ध लष्करी मित्र नसून सामरिक भागीदार आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका भेटीत ट्रम्प यांनी भारताशी होणाऱ्या व्यापारात अमेरिकेची तूट जवळजवळ १०० अब्ज डॉलर असल्याचे सांगितले. अमेरिकी शासनाच्या आकडेवारीनुसार २०२४ मधील वस्तुव्यापारातील तूट सुमारे ४५.७ अब्ज डॉलर होती. भारताच्या वाणिज्य मंत्रालयाने २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी भारताचे आधिक्य सुमारे ४१ अब्ज डॉलर असल्याचे नोंदवले. म्हणजे दोन देशांच्या अधिकृत आकड्यांत फारसे अंतर नव्हते, परंतु जाहीरपणे उच्चारलेला आकडा दोहोंच्या दुपटीहून अधिक होता.

द्विपक्षीय तुटीचे अर्थशास्त्रीय महत्त्व

एका विशिष्ट देशाशी होणाऱ्या व्यापारातील तूट म्हणजे तोटा नव्हे, असे बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञ मानतात. ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक टॉमस मन यांनी १६२१ मध्येच अशा स्वरूपाचा युक्तिवाद केला होता. कंपनी हिंदुस्थानातील मालासाठी इंग्लंडमधून चांदी बाहेर नेते, असा आक्षेप तेव्हा घेतला जात असे. तोच माल पुढे इतर देशांना विकून अधिक धन परत येते, म्हणून एका देशाशी असलेला तोल न पाहता एकंदर व्यापाराचा तोल पाहावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्यापारतोलाच्या समग्र सिद्धान्तावरच टीका केली. नोबेल पारितोषिकविजेते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांचा दाखलाही प्रसिद्ध आहे. आपल्या न्हाव्याशी आपला व्यवहार कायम तुटीचाच असतो, कारण तो आपल्याकडून काहीच विकत घेत नाही, असे ते म्हणत.

देशाची एकूण तूट मुख्यतः त्या देशातील बचत व गुंतवणूक यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. अमेरिकेत गुंतवणुकीच्या मानाने बचत कमी असल्यामुळे एका देशाशी तूट घटली, तरी ती दुसऱ्या देशाकडे सरकण्याची शक्यता असते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही विचारात घेतले जाते. कारखानदारीतील रोजगार वस्तुव्यापाराशी निगडित असल्याने वस्तुव्यापाराची तूट स्वतंत्रपणे पाहणे गैर नाही, असे ट्रम्प यांच्या धोरणाचे समर्थक मानतात. कॅनडाच्या दुग्धव्यवसायाला मिळणारे संरक्षण व ठरावीक कोट्याबाहेरील दुग्धजन्य आयातीवरील २०० टक्क्यांहून अधिक शुल्क या वास्तव तक्रारी होत्या आणि त्या आकडे न फुगवताही मांडता येण्यासारख्या होत्या. शिवाय कॅनडानेही आपल्याला सोयीचा असलेला एकत्रित आकडाच पुढे केला व आपल्या वस्तुव्यापारातील आधिक्याचा उल्लेख टाळला, याकडेही काही निरीक्षकांनी लक्ष वेधले.

प्रामाणिकपणाचा प्रश्न

या वादात तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, खरा आकडा निवडून सांगणे व तो कशाचा आहे हे न सांगणे. दुसरी, खोटे असल्याचे ठाऊक असून खोटे सांगणे. तिसरी, खरे काय हे ठाऊक नसताना ते ठाऊक असल्यासारखे ठामपणे सांगणे. ट्रम्प यांनी भाषणात वर्णन केलेला प्रसंग तिसऱ्या प्रकारात मोडतो, तर नंतरचा खुलासा पहिल्या प्रकारात. अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत भेद केला आहे. खोटे बोलणाऱ्यास सत्य माहीत असते व ते तो लपवतो. सत्याची पर्वाच न करता बोलणाऱ्यास आपले विधान खरे की खोटे याच्याशी कर्तव्य नसते. त्यामुळे हा दुसरा मनुष्य सत्याला अधिक घातक ठरतो, असे त्यांचे मत होते.

राज्यशास्त्रज्ञ जॉन मिअरशायमर यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात असा निष्कर्ष काढला, की राष्ट्रप्रमुख परस्परांशी समजतो त्यापेक्षा कमी वेळा खोटे बोलतात आणि आपल्याच देशातील जनतेशी अधिक वेळा. प्रस्तुत प्रसंगात ही दोन्ही अंगे एकत्र आलेली दिसतात. विधान परदेशी पंतप्रधानांसमोर केले गेले, परंतु त्याची हकिकत सांगितली गेली ती स्वदेशी समर्थकांना, आणि तीही वाटाघाटीतील कौशल्य म्हणून.

व्यापाराची आकडेवारी सर्वांना खुली असल्यामुळे अशी विधाने तपासता येतात. तथापि ती तपासली जाईपर्यंत धोरण पुढे गेलेले असू शकते. राष्ट्रप्रमुखाच्या शब्दावर समोरचा पक्ष विसंबणार नसेल, तर करारातील प्रत्येक कलमाची किंमत वाढते, ही या वादातून पुढे आलेली प्रमुख चिंता होती.

२०२५ मधील पुनरावृत्ती

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कार्यकाळात हा वाद पुन्हा उफाळला. अमेरिका कॅनडाला वर्षाला २०० अब्ज डॉलरचे अनुदान देते, असे विधान त्यांनी २०२५ च्या प्रारंभी अनेकदा केले. अमेरिकी शासनाने तेव्हा प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मधील वस्तुव्यापारातील तूट सुमारे ६३ अब्ज डॉलर होती व सेवाव्यापारातील आधिक्य वजा केल्यास ती आणखी कमी होत होती. २०१७ च्या तुलनेत या वेळी एकत्रित हिशेबातही अमेरिकेला तूट होती, हा महत्त्वाचा फरक आहे. मात्र वस्तूंच्या खरेदीपोटी दिलेल्या किमतीस अनुदान म्हणणे अर्थशास्त्रज्ञांनी अमान्य केले.

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने अनेक देशांवर 'परस्पर शुल्क' जाहीर केले. त्याचे दर ठरविताना संबंधित देशाशी असलेल्या वस्तुव्यापारातील तुटीला त्या देशातून होणाऱ्या आयातीने भागून येणारे प्रमाण निम्मे करण्यात आले. सेवाव्यापार या सूत्रात धरलेला नव्हता. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांच्याशी अमेरिकेच्या स्वतःच्या नोंदींनुसार वस्तुव्यापारातही आधिक्य असताना त्यांनाही किमान १० टक्के शुल्क लावण्यात आले. कॅनडा व मेक्सिको यांना आधीच वेगळ्या आदेशांन्वये शुल्क लागू असल्याने या यादीत त्यांचा समावेश नव्हता.

हेही पाहा

* व्यापारतोल
* आंतरराष्ट्रीय देयताशेष
* उत्तर अमेरिका मुक्त व्यापार करार
* अमेरिका–मेक्सिको–कॅनडा करार
* जागतिक व्यापार संघटना